दाखलनोंदवही, जीटीके २ आणि हरवलेल्या 'दऱ्या'

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की, डेबियन १३ या लिनक्स प्रणालीवर आधारलेल्या, आपला गट बनवतो त्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीत जीटीके २ (प्रोग्रॅमच्या खिडक्या आणि बटणे काढणारी जुनी लायब्ररी) ठेवायचे की नाही, याचा निर्णय रविवारच्या बैठकीत होईल. तो झाला नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी कृष्णाकाठच्या ग्रंथालयातून गुरुजींचा फोन आला आणि त्यांनी सांगितले की, जिथे 'डोंगरदऱ्या' असायला हवे तिथे पडद्यावर 'डोंगरदर्या' दिसते आहे. त्यांचे यंत्र त्याच आठवड्यात मी नव्या आवृत्तीवर नेले होते.

नव्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, हे ग्रंथालय आपल्या दाखलनोंदवहीच्या, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्या, प्रोग्रॅमचे सर्वांत जुने वापरकर्ते आहे. २०१९च्या ऑगस्टमधील महापुरात त्यांची कागदी नोंदवही पाण्यात गेली आणि तेव्हापासून संगणकातील नोंद हीच एकमेव नोंद उरली आहे. त्यामुळे तिथले एक अक्षर बदलले तरी मला स्वस्थ बसवत नाही.

आमच्यापैकी सर्वांनी, आणि त्यांत मीही होतो, पहिला दोष जीटीके २ला दिला. ते २००२ साली आले, त्याची २.२४.३३ ही शेवटची आवृत्ती डिसेंबर २०२०मध्ये निघाली आणि जीटीके ४ आल्याबरोबर मूळ प्रकल्पाने त्याची देखभाल थांबवली. इतक्या जुन्या गोष्टीकडे बोट दाखवणे सोपे होते. पहिला आठवडा मी फाँट बदलण्यात घालवला. लोहित काढला, नोटो घातला, पुन्हा लोहित आणला. खरे म्हणजे थोडा विचार केला असता तर हे श्रम वाचले असते, कारण जोडाक्षरे जुळवण्याचे काम जीटीके करत नाही, ते पँगो आणि हार्फबझ या वेगळ्या लायब्ररी करतात, आणि एका यंत्रावर जीटीके २ व जीटीके ३ हे दोन्ही तोच पँगो वापरतात. शेजारच्या मजकूर संपादकात 'दऱ्या' नीट उमटत होते, तेव्हाच हा संशय सोडायला हवा होता.

दुसरा आठवडा टंकलेखनाच्या मोड्यूलमागे गेला. डेबियनमध्ये आयबस या टंकलेखन प्रणालीसाठी जीटीके २, ३ आणि ४ यांची मोड्यूल वेगवेगळ्या पॅकेजांत येतात, आणि आपल्या नव्या यादीतून जीटीके २चे पॅकेज खरोखरच सुटले होते. ते घालताच गुरुजींची इनस्क्रिप्ट कळफलकावरची अडखळ थांबली. हे छोटे यश मी मनापासून साजरे केले. तरीही 'दऱ्या' परत आल्या नाहीत.

शेवटी मी तेच केले जे पहिल्या दिवशी करायला हवे होते, म्हणजे नोंदींची फाइल हेक्सडंपमधून, म्हणजे तिचे कच्चे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या साधनातून, पाहिली. असल्या कामात पडद्यावरच्या अक्षरावर विश्वास ठेवू नये, बाइट पाहावेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. गुरुजींनी स्वतः टाइप केलेल्या नोंदींत ऱ, हलंत आणि य असा क्रम होता आणि त्या सगळ्या शाबूत होत्या. बिघडलेल्या नोंदी मात्र देणगीत आलेल्या पुस्तकांच्या यादीतून चिकटवलेल्या होत्या. त्या मूळ यादीत साधा र, हलंत, त्यानंतर ई२ ८० ८डी हे तीन बाइट आणि मग य असे होते. ते तीन बाइट म्हणजे झेडडब्ल्यूजे, अर्थात डोळ्यांना न दिसणारा जोडक. आपल्या फाइलीत नेमका तोच गायब होता, आणि तो गेला की र चा रफार होतो व दऱ्यांचा समुद्र होतो.

तो खाणारा चोर आपल्याच घरात होता. २००८ साली, चिकटवलेल्या मजकुरातील नियंत्रक चिन्हे गाळण्यासाठी, आम्ही प्रत्येक अक्षर जीलिब या जीटीकेखालच्या पायाभूत लायब्ररीच्या 'ईजप्रिंट' या फंक्शनमधून नेले होते. ते फंक्शन 'फॉरमॅट' वर्गातील चिन्हांना छापण्यायोग्य मानत नाही, आणि युनिकोडमध्ये झेडडब्ल्यूजे त्याच वर्गात मोडतो. गुरुजी नेहमी ऱ वापरत असल्यामुळे इतकी वर्षे हे लक्षातच आले नाही. नव्या आवृत्तीचा आणि जीटीके २चा यात काहीही संबंध नव्हता. यंत्र बदलणे आणि देणगीची यादी येणे हे एकाच आठवड्यात घडले, इतकेच.

दुरुस्ती एका ओळीची झाली, पण तिच्यामागून दुसरा प्रश्न आला. एकाच शब्दाची दोन रूपे फाइलीत राहिली तर शोध घेताना एक रूप सापडते आणि दुसरे सुटते, आणि युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण ही दोन रूपे एक करत नाही. म्हणून आता नोंद आत येतानाच र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे या क्रमाचा ऱ आणि हलंत असा बदल होतो. आधीच बिघडलेल्या ३७ नोंदी मात्र यंत्रावर सोडता येत नव्हत्या, कारण 'आचार्यास' हा शब्द तसाच बरोबर असू शकतो आणि तो 'आचाऱ्यास' करणे म्हणजे गुरूला स्वयंपाकघरात पाठवणे होय. गुरुजींनी मूळ यादी समोर ठेवून त्या एका दुपारी हाताने नीट केल्या.

आता मूळ निर्णयाकडे येतो. जीटीके २ निर्दोष ठरले म्हणून ते ठेवावे, असे मात्र मला वाटत नाही. आपला डेस्कटॉप एक्सएफसीई आहे आणि तो २०१९च्या ४.१४ आवृत्तीपासूनच जीटीके ३वर गेला आहे. उलट अवलंबित्व, म्हणजे कोणकोणती पॅकेजे त्याच्यावर विसंबून आहेत, हे तपासले तेव्हा आपल्या यादीत जीटीके २ मागणारी फक्त दोन पॅकेजे निघाली, आणि त्यांतले एक आपलेच आहे. वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या नव्या पद्धतीची सोय जीटीके २मध्ये नाही, आणि उद्या त्यात सुरक्षेचे छिद्र निघाले तर चार जणांच्या आपल्या गटाला ते बुजवत बसावे लागेल. दुसऱ्या बाजूला, प्रोग्रॅममधली मुख्य यादी जीटीकेच्या सीलिस्ट या जुन्या घटकावर उभी आहे. ती जीटीके ३मध्ये राहिलेलीच नाही, त्यामुळे तो भाग ट्रीव्ह्यू या नव्या घटकावर नव्याने लिहावा लागेल.

येथपर्यंत लिहून झाल्यावर मला असे सुचले की, गाळणी, शोध आणि फाइल हाताळणी या भागांना फक्त जीलिब लागते, जीटीके अजिबात लागत नाही. मग ते भाग आधी वेगळ्या लायब्ररीत काढावेत, त्यांच्या चाचण्या लिहाव्यात, त्यांत 'दऱ्या'ची दोन्ही रूपे घालावीत, आणि खिडक्यांचा भाग नंतर बदलावा. त्यामुळे मी बैठकीसाठी तयार केलेला 'सगळीकडे २०२८पर्यंत ठेवा' हा प्रस्ताव मागे घेतो आहे.

नवा प्रस्ताव असा की, ३२ बिटांची आवृत्ती डेबियन १२वरच राहील, कारण डेबियन १३मध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही नाहीत. तिथे जीटीके २ डेबियन १२चा दीर्घ आधार संपेपर्यंत, म्हणजे जून २०२८पर्यंत, ठेवावे. ६४ बिटांच्या आवृत्तीत मात्र ते फक्त या एका खेपेपुरते राहील. विश्रामबागेतील दुकानातून घेतलेले जुने डीडीआर२ रॅम उत्तम चालले आहे, तेव्हा ते घातलेली ३२ बिटांची तीन यंत्रे अजून टिकतील.

या बदलासाठी कोडचा वेगळा फाटा काढला आहे, जीसील (जीटीकेच्या आतल्या भागांना थेट हात लावला की चूक दाखवणारी सोय) चालू करून पहिले कंपाइल केले आणि चुकांची यादी दोनशे ओळींच्या पुढे गेली. त्यातल्या बऱ्याचशा एकाच जातीच्या आहेत. रविवारी बसण्याआधी निम्म्या तरी उडवाव्यात असा बेत आहे.