खंजिरीवरची थाप

नागपंचमीला आमच्या विदर्भात चुलीवर तवा चढत नाही, शेतात नांगर चालत नाही. त्यामुळे मामाजी मोकळे होते. (मित्राचे मामा, पण इकडे मित्राचे मामा ते आपलेही मामाजी.) उमरेड, भिसी करत एस.टी.नं चिमूरच्या अलीकडच्या त्यांच्या गावी पोचलो तेव्हा बूट चिखलानं दुप्पट जड झाले होते. ते अंगणातच काढायला लावून मामाजींनी विचारलं, "पाहाले आला, का आयकाले?"

ऐकायलाच आलो होतो. चिमूरचा उठाव झाला त्या १६ ऑगस्ट १९४२ लाही नागपंचमीच होती, आणि त्या पावसाळ्यात या मुलखात तुकडोजी महाराजांची खंजिरी घुमत होती.

संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आटोपली आणि भगव्या टोप्या घातलेली आठ-दहा मंडळी देवळात बसली. खंजिरी हातात घेऊन पाहिली. वीतभर गोल, कडेला झांजा, एका हातात मावणारी. पेटी-तबल्यासारखा संसार सोबत न्यावा लागत नाही. काखेत मारली की निघालं माणूस या गावाहून त्या गावी. एकानं ओळ उचलली, बाकीच्यांनी तीच मागून धरली. तिसऱ्या फेरीला मीही म्हणत होतो, शब्द नीट ठाऊक नसताना. खरी गंमत इथंच आहे असं मला वाटतं. भाषण एकाचं असतं, भजनातली ओळ मात्र पाच मिनिटांत सगळ्यांची होते. उद्या फौजदारानं विचारलं, हे कोण म्हणालं? तर काय सांगणार!

महाराजांचं त्या काळातलं एक हिंदी भजन इथं अजून सांगतात. झाडं-झुडपं शस्त्रं होतील, भक्तांची सेना होईल, दगडांचे बॉम्ब होतील, अशा अर्थाचं. "सभा घेतली असती त सायबानं लगेच धरलं असतं," मामाजी म्हणाले. "भजनाले कोन धरते?"

"मंग महाराजाले काऊन धरलं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

मामाजी हसले. "सायबालेबी थाप आयकू आली ना जी."

२८ ऑगस्टला चांद्याला (आताच्या चंद्रपूरला) महाराजांना अटक झाली. आधी नागपूरच्या, मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं आणि डिसेंबरात सोडलं. त्याआधी चिमुरात जे घडायचं ते घडून गेलं होतं. मोर्चावर गोळीबार झाला, कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर गेला, खवळलेल्या जमावानं सरकारी अधिकाऱ्यांना मारलं. ही दुसरी बाजू भजन-परंपरेचं गुणगान करणारे पटकन ओलांडून जातात. मला ती ओलांडता येत नाही. गाण्यातला दगड आणि हातातला दगड यांत त्या दुपारी अंतर उरलं नव्हतं.

नंतर गोरी फौज आली. घरं लुटली, बायकांवर अत्याचार झाले. वर्तमानपत्रांना चिमूरविषयी छापायला बंदी होती. चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे अनुयायी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं, तर त्याच्याही बातम्या अडवल्या. फाशीच्या शिक्षा ठोठावल्या गेल्या, त्या १९४५ मध्ये जन्मठेपेवर आल्या.

जेवताना गव्हाची खीर वाढता वाढता विषय आणीबाणीवर गेला. १९७६ च्या मे महिन्यात किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून एकाएकी गायब झाली, कारण त्यानं सरकारच्या कार्यक्रमाला नकार दिला होता. मामाजी तेव्हा शाळकरी पोर. "रेडिओचा कान सरकारच्या हाती," ते म्हणाले, "खंजिरीचा कान कोनाच्या हाती हाय?"

मग त्यांना दंडार आठवली, म्हणजे इकडचं लोकनाट्य. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, रात्रभर चालणारी. ढोलकीवर बायांच्या वेशातले पुरुष नाचायचे आणि मधेच सावकार, पाटील, शिपाई यांची नक्कल निघायची. मामाजी ताटावरून उठले, कमरेवर हात ठेवून शिपायाची चाल करून दाखवली. पोट पुढं, काठी मागं, पावलं वाकडी. त्यांची नात हसून हसून लोळली. खरा शिपाई प्रेक्षकांत असायचा तेव्हा ही चाल जास्त रंगायची म्हणे. तोही हसायचा. न हसून करणार काय?

या सगळ्यात मामाजींच्या आई कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्या चिमूरच्याच लेक. मी विचारलं, "आजी, त्या फौजेच्या दिवसांवर बायांचं एखादं गाणं नाही का? जात्यावर म्हणत असतील, धानाच्या रोवणीत म्हणत असतील."

त्यांनी वात पुरी वळली, ताटलीत ठेवली.

"कापसाचं हाय, पावसाचं हाय, सासूचं हाय," त्या म्हणाल्या. "मायी माय रोवणीत पुढं राहून गाणं उचलायची. त्याचं नाही उचललं तिनं. कोनीच नाही उचललं."

नातीनं तेवढ्यात कोनाड्यातली खंजिरी काढली होती. आजींनी तिच्या हातून ती घेतली आणि झांजा वाजू नयेत अशी मांडीवर पालथी ठेवली.