वाघावर कोण बसलंय?

भरीत पार्टीत गाणी कुठली लावायची यावरून आमच्याकडे दरवर्षी तंटा होतो. यंदा अमळनेरजवळच्या शेतात स्पीकर माझ्या ताब्यात आला आणि मी ‘होली डायव्हर’ लावला. हेवी मेटलचा, म्हणजे दणदणीत गिटारींच्या रॉक संगीताचा, १९८३चा अल्बम. ‘डिओ’ बँडचा हा पहिलाच. गायक रॉनी जेम्स डिओ तेव्हा चाळिशीत आलेला, रेनबो आणि ब्लॅक सॅबथ हे बँड गाजवून स्वतःचं दुकान थाटलेला. गिटारवरचा व्हिव्हियन कॅम्पबेल जेमतेम वीस वर्षांचा.

पहिलं गाणं सुसाट निघून गेलं, कुणाचं लक्षही नव्हतं. दुसरं गाणं म्हणजे अल्बमच्या नावाचंच. त्याची सुरुवात निव्वळ वाऱ्याच्या घोंघावण्यानं होते, आणि ते बराच वेळ चालतं. “स्पीकर गेला तुझा,” भाचा म्हणाला. मी थांब म्हणून हात केला.

मग तो रिफ आला. रिफ म्हणजे गिटारवरचा चार-दोन सुरांचा तुकडा, पुन्हा पुन्हा तोच. गाणं त्याच्यावर उभं असतं, जसं घर जोत्यावर. पऱ्हाटीच्या जाळावर बामणोदची वांगी भाजून झाली होती, सालं निघाली होती, आणि मेहुणे लाकडी बडजीत ती ठेचायला बसले होते. धप्प, धप्प. तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्यांचा हात आपोआप रिफवर पडायला लागला. त्यांना पत्ताही नाही. ढोलापेक्षा मुसळ बरं वाजतं, हे माझं प्रामाणिक मत. त्या दिवसाचं भरीत जरा जास्तच मऊ झालं होतं, पण ते गाण्याच्या लांबीमुळे.

फुई, म्हणजे आत्या, शेजारी खाटेवर बसून लसूण सोलत होती. “काय म्हनी ऱ्हायना तो?” तिनं विचारलं. आता काय सांगणार? डिओचे शब्द म्हणजे इंद्रधनुष्य, राक्षस, अंधार, आणि कशाचा कशाला मेळ नाही. हाताला लागलं ते सांगितलं : वाघावर स्वार व्हायला सांगतोय.

“वाघवर कोन बठेल शे?”

“कुणीतरी.”

“मंग देवीनंच गानं शे ते.”

विषय संपला. चैत्रात पायी वणीच्या गडावर जाणाऱ्या बाईला वाघावर आणखी कोण बसणार, हा प्रश्नच पडत नाही. मी जरा खट्याळपणे फोनवर मुखपृष्ठ दाखवलं : साखळदंडात जखडलेला पाद्री समुद्रात बुडतोय, वर शिंगवाला राक्षस. या चित्रावरून तिकडे केवढा गहजब झाला होता. फुईचं बालपण साक्रीकडचं, भवाड्यात मुखवटे नाचताना पाहण्यात गेलेलं. तिनं फोन लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. “दात बरा शेत,” एवढंच म्हणाली.

तेवढ्यात भाच्यानं मधली दोन बोटं मुडपून तर्जनी आणि करंगळी वर केली, मान हलवायला लागला. ही खूण मेटलच्या मैफलींत रुजवली ती डिओनंच. ती त्याला इटालियन वंशाच्या आजीकडून मिळाली होती. म्हातारी वाईट नजर परतवायला अशी बोटं करायची. मी फुईला हे सांगितलं. लसूण सोलणं थांबलं. इतक्या वेळात तिला पहिल्यांदाच काहीतरी कामाचं ऐकू आलं होतं.

“नुसती बोटं? मीठ-मिरच्या नही?”

“नसाव्यात.”

“मंग कशी उतरई?”

ती उठली. फोडणीसाठी काढून ठेवलेल्या चार लाल मिरच्या मुठीत घेतल्या, चिमूटभर मीठ घेतलं, भाच्यावरून, माझ्यावरून आणि शेवटी स्पीकरवरूनही ओवाळलं आणि सगळं जाळात टाकलं. क्षणात सगळ्यांना ठसका लागला. मेहुणे मुसळ टाकून डोळे चोळत बडजीपासून लांब पळाले, रिफ बिचारा एकटाच चालू राहिला.

नजर लागलेली असली तर मिरचीचा ठसका लागत नाही, असा आमच्याकडचा हिशोब.

“काही नही लागेल तुमले,” फुई पदर नाकाला लावून खोकत म्हणाली, “पुऱ्या काढा आते.”