हार्वी डेंटचं नाणं

रविवार, रात्री उशिरा

'आर्कम असायलम' हे बॅटमॅनचं कॉमिक पुन्हा वाचून काढलं. बॅटमॅनचा नेहमीचा शत्रू जोकर यावेळी बाजूलाच राहिला. डोक्यात घोळतोय तो दुसरा शत्रू, हार्वी डेंट.

ग्रँट मॉरिसन यांचं लेखन, डेव्ह मॅकीनची चित्रं, साल १९८९. त्याच वर्षी टिम बर्टनचा 'बॅटमॅन' थिएटरांत गर्दी खेचत होता. त्या भरात ज्यांनी हे पुस्तक उचललं असेल, त्यांची काय अवस्था झाली असेल! मारामारी जवळजवळ नाहीच. पानंच्या पानं रंग आणि फोटो एकमेकांत मुरवलेली, बॅटमॅन म्हणजे नुसती एक सावली. एक एप्रिलचा दिवस, आर्कम हे मनोरुग्णालय रुग्णांनी ताब्यात घेतलेलं, आणि जोकरचा निरोप की बॅटमॅनला आत पाठवा. जाण्याआधी बॅटमॅन पोलीस आयुक्त गॉर्डनला सांगतो की त्याला भीती वाटतेय, त्या फाटकातून आत गेल्यावर घरी आल्यासारखं वाटेल याची. पुढे तो स्वतःच्याच तळहातात काच खुपसतो. ते पान मी आजही भराभर उलटते.

जोकरच्या बोलण्याला कॉमिकमधला नेहमीचा संवादाचा फुगाच नाही. गॅस्पर सलाडिनोने त्याचे शब्द लाल रंगात, ओरबाडल्यासारखे लिहिलेत. कल्पना भन्नाट, पण वाचताना डोळ्यांना घाम फुटतो. काही वाक्यं मी सरळ सोडून देते.

तर डेंट. अर्धा चेहरा विद्रूप झालेला हा टू-फेस सगळे निर्णय एक बाजू विद्रूप असलेलं नाणं उडवून घेणारा. तिथल्या डॉक्टर रूथ ॲडम्स यांनी ते नाणं काढून घेतलंय. आधी फासा दिला, म्हणजे दोनाचे सहा पर्याय झाले. मग भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते, म्हणजे ७८. बाई हे अभिमानाने सांगतात, आणि कागदावर ती प्रगतीच आहे. प्रत्यक्षात त्या माणसाला बाथरूमला जावं की नाही हेही ठरवता येत नाही, कपडे ओले होतात. आख्ख्या पुस्तकात मला सगळ्यात भीतिदायक वाटलं ते हे. ना रक्त, ना सुरी; चांगल्या हेतूने चाललेले उपचार. आमची आजी रात्री दाराची कडी पुन्हापुन्हा बघायची आणि घरात कुणीही तिला त्यावरून टोकलं नाही. बरं केलं.

या पुस्तकाचा परिणाम मात्र भलत्याच बाजूने झाला, असं माझं मत. आर्कम कॉमिक्समध्ये १९७४पासून होतंच, पण त्याचा संस्थापक अमेडियस आर्कमची भीषण कहाणी सविस्तर रंगवली गेली ती इथे: स्वतःचं वडिलोपार्जित घर रुग्णालय करणारा माणूस शेवटी त्याच घरात रुग्ण होतो. २००९च्या व्हिडिओ गेमने नाव आणि वास्तू उचलली, बॅटमॅनला मात्र पिळदार शरीर दिलं. मी त्या गेममधूनच पुस्तकाकडे आले. स्केअरक्रो या खलनायकाने घडवलेल्या भ्रमाचे प्रसंग तेवढे मूळ पुस्तकाच्या जवळ जातात. बाकी सगळीकडे उरलं ते भयाण घर आणि आतले 'वेडे', म्हणजे धोकादायक माणसं. आपण नाही का, कुणी जरा वेगळं वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणून खिदळतो, तसंच. पुस्तकही यातून पूर्ण सुटत नाही. त्यातलं वेड फार देखणं आहे.

पण शेवट! बॅटमॅन डेंटला त्याचं नाणं परत देतो आणि आपला निवाडा त्याच्यावर सोडतो. विद्रूप बाजू पडली तर मरण, स्वच्छ बाजू पडली तर सुटका. डेंट नाणं उडवतो, बघतो आणि सांगतो, सोडा याला. बॅटमॅन निघून गेल्यावर आपल्याला दिसतं की पडली होती विद्रूप बाजू.

म्हणजे तो खोटं बोलला, आणि स्वतःच्या मनाने बोलला. हे बॅटमॅनला कळलं असेल का? पंधराव्या वर्षाच्या आवृत्तीत मॉरिसन यांची संहिता टिपणांसकट छापली आहे. या नाण्याबद्दल तिथे काय लिहिलंय ते उद्या बघते. आज डोळे मिटतायत.