आमची वाटचाल: पाटीपासून पाकिटापर्यंत

आई रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलावात मासळी घ्यायची आणि पाटी घेऊन बाजारात बसायची. त्या पाटीवरच आमचा धंदा उभा राहिला. सुरमईचे काटा काढलेले काप पाकिटात भरून पुण्या-मुंबईला पाठवायचे, हे मी सुरू केलं. कर्ज काढून व्हॅक्यूमचं मशीन आणलं तेव्हा वाटलं, हवा काढली की जंतूंची कटकट मिटली.

दुसऱ्याच महिन्यात पुण्याहून एका ताईंचा फोन आला. पाकीट दिसायला छान, पण फोडल्याबरोबर घरभर वास. सगळा माल परत मागवला. एक पाकीट मी स्वतः फोडलं. काप बोटाला बुळबुळीत लागला आणि अमोनियासारखा भपकारा आला. त्या रात्री घास गिळवला नाही.

मग माहीतगारांकडे जाऊन शिकलो. सुडोमोनाससारख्या जंतूंना हवा लागते, ते व्हॅक्यूममध्ये मंदावतात. शेवानेलासारखे मात्र हवेवाचूनही वाढतात. समुद्री मासळीच्या अंगातलंच एक द्रव्य ते वापरतात आणि त्यातून तो वास सुटतो. खरी भीती बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूची. त्याला हवा नकोच असते, त्याचे काही प्रकार ३.३ अंशांवरही वाढतात, आणि विष झालं तरी वास येईलच असं नाही. शिवाय सुरमई, बांगडा उन्हात तापला की हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं. ते एकदा झालं की गोठवून जात नाही, तळूनही जात नाही.

म्हणून आता आमचं काम जेटीवरच सुरू होतं. मासळी उतरली की किलोला किलो बर्फ, तोही बारीक चुरा. लादीचे ढेकळं घातले तर मासळी दबते आणि थंडावा सगळीकडे पोचत नाही. आतडी-कल्ले काढायचं टेबल वेगळं, काप करायचं वेगळं, सुऱ्याही वेगळ्या. थर्मामीटरची सुई कापाच्या जाड भागात खुपसून बघतो. दोन अंशांच्या वर आकडा दिसला की तो ट्रे पुन्हा बर्फात.

ताजे काप हवा आत जाऊ देणाऱ्या फिल्ममध्ये बांधून बर्फातच पाठवतो. व्हॅक्यूम फक्त उणे १८ अंशांवर गोठवायच्या मालाला. त्या पाकिटावर ठळक छापलंय: ‘आधी पाकीट फोडा, मग फ्रिजमध्ये वितळू द्या.’ असं का, म्हणून अजून फोन येतात. बंद पाकिटात हवा नसते, आणि माल वितळला की बॉट्युलिझमच्या जंतूला तेच हवं असतं. माझी बायको प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगते.