तुम्ही विचारलंत म्हणून : झाडाला स्वतःचं वय कळतं का?

कळतं. आणि आता लगेच ‘म्हणजे झाडाला मन असतं तर!’ असं म्हणू नका, हात जोडते. हे उत्तर दिलं रे दिलं की समोरच्यांचे दोन तट पडतात. एकाला झाडाशी गप्पा मारायच्या असतात. दुसरा म्हणतो, ‘कळतं कसलं? रसायनं आहेत ती.’ मी कुणाच्याच कामाची उरत नाही.

ॲराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं किरकोळ तण. त्याच्या कोवळ्या रोपात मिर-156 नावाचा आरएनए (डीएनएच्या नात्यातला रेणू) रग्गड असतो, जेमतेम 20 अक्षरांचा, म्हणजे ओळीने जोडलेल्या 20 घटकांचा. रोपाला वयात आणणाऱ्या एसपीएल कुळातल्या 10 जनुकांचे निरोप, म्हणजे प्रथिनाची कृती वाहणारे आरएनए, तो ओळखतो आणि आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या साहाय्याने ते कापून टाकतो, नाहीतर त्यांच्यापासून प्रथिन बनू देत नाही. रोप वाढतं तसा मिर-156 ओसरतो, एसपीएल मोकळी होतात आणि मिर-172 नावाचा दुसरा छोटा आरएनए वाढायला लागतो. फुलण्याला आडकाठी करणाऱ्या जनुकांना तो गप्प करतो. मिर-156 मुद्दाम वाढवून ठेवला तर रोप लहान-लहान गोल पानांमागून पानं काढत बसतं, लवकर फुलायचं नाव घेत नाही.

हे सगळं डोळ्यांनी दिसतं, हे मात्र कुणी ऐकून घेत नाही. सुरुवातीची पानं गोलसर असतात आणि लव फक्त वरच्या अंगाला. मग एखाद्या पानाच्या पाठीवर पहिला केस उगवतो, बहुधा तीन फांट्यांचा, काचेसारखा. पान चिमट्याने उलटं धरायचं, उजेड तिरपा पाडायचा आणि भिंगातून शोधायचा. तो सापडला की रोप वयात आलं. असे केस शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हे सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यावर जी कीव दिसते, तिचीही आता सवय झाली आहे.

आता माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेबद्दल. ते टाळून हे उत्तर पुरं होणार नाही.

माझ्या प्रबंधात एक भाग पानं तोडण्याचा होता. कल्पना माझी नव्हती. कोवळ्या रोपाची पहिली दोन पानं काढून टाकली तर मिर-156 चढाच राहतो आणि रोपाचं बालपण लांबतं, हे 2011 साली प्रसिद्ध झालेलं होतं. म्हणजे वाढत्या पानांकडून शेंड्याला काहीतरी निरोप जातो. मी तेच करून पुढे जायचं ठरवलं होतं. ही पानं निघतात तेव्हा टाचणीच्या डोक्याहूनही लहान असतात, हात जरा कापला की शेंडाच जातो. पण जी रोपं वाचली त्यांनी बरोबर तेच दाखवलं. पाठीवरचा पहिला केस शेजारच्या अखंड रोपांपेक्षा उशिरा, वरच्या पानावर आला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, ‘पानं गेली म्हणजे साखर गेली. तुम्ही वय मोजलंच नाहीये. तुम्ही उपासमार मोजली आहे.’

मी म्हटलं, ‘सर, दोन्ही रोपं एकाच दिवशी पेरलेली आहेत.’

‘तेच तर म्हणतोय. दिवस सारखे आणि उत्तर वेगळं. मग वय कुठे राहिलं?’

खोलीत कुणीतरी हसलं. माझे मार्गदर्शक कागद चाळत राहिले. मी जे बोलले ते मला नीट आठवत नाही, आवाज चढला होता एवढं आठवतं. पदवी मिळाली. पण प्रबंधाच्या शीर्षकातला ‘वय’ हा शब्द काढावा, अशी सूचना आली आणि मी तो काढला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता, हे मान्य. 2013 साली दोन गटांनी दाखवलं की साखर मिळाली की मिर-156 खरंच खाली येतो. हरितद्रव्य कमी असलेल्या फिकट रोपांचं बालपण लांबतं. ते वाचलं त्या दिवशी माझं जेवणावर लक्ष नव्हतं. पण म्हणून काय झालं? मुलांना नीट खायला मिळालं नाही तर ती उशिरा वयात येतात. म्हणून त्यांना वय नसतं असं कोणी म्हणतं का? मला तेव्हा एवढं एक वाक्य सुचायला हवं होतं.

त्यातही साखरेवर सगळं भागत नाही. आयव्ही नावाच्या वेलाची वयात आलेली फांदी कापून लावली तर नवं रोप सहसा वयात आलेलंच राहतं. ते ‘आठवणं’ कुठे बसलेलं असतं? मिर-156 बनवणाऱ्या जनुकांभोवतीच्या हिस्टोनांवर, म्हणजे डीएनए ज्यांना गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, वाढीबरोबर गप्प बसवणाऱ्या खुणा चढत जातात, हे 2016 साली दिसलं. 2021 साली आणखी एक उत्तर आलं : शेंड्यातल्या पेशी विभागत जातात, त्यावर मिर-156 उतरतो. म्हणजे दिवस नव्हे, विभाजनं मोजली जातात! हे वाचून मला परीक्षकांना फोन करावासा वाटला. मग मनात आलं, ते विचारतील, उपाशी रोपात विभाजनं मंदावली असतील की नाही? तेव्हाची मी तावातावाने ‘नाही’ म्हणाले असते. आताच्या मला ते माहीत नाही, आणि तेव्हाच्या त्या मुलीचं तोंड बंद करायची इच्छाही नाही.

मिर-156 वर तोललेली ही रचना उत्क्रांतीलाही फार सोयीची पडली आहे. नवा अवयव घडवायचा नाही, जो आहे तो लवकर किंवा उशिरा आणायचा. मक्याच्या कॉर्नग्रास या वाणात मिर-156 जास्त बनतो, तर तो मका गवतासारखा फुटवेच फोडत राहतो. भातात एका एसपीएल जनुकातल्या, मिर-156 जिथे चिकटतो त्या जागेचं एकच अक्षर बदललं की फुटवे कमी आणि लोंबीत दाणे जास्त. मुंग्यांना घर देणाऱ्या बाभळीच्या भाऊबंदांत फुगीर काटे रोपाला लगेच येत नाहीत, मिर-156 उतरल्यावरच येतात.

राहिला तो दुसरा प्रश्न, जो हमखास पाठोपाठ येतो : ‘मग हे तारुण्य टिकवणारं द्रव्य आपल्याला लावता येईल का?’ प्राण्यांत मिर-156 नसतो. आणि फिस्कोमिट्रेला या शेवाळात (मॉसमध्ये) हाच रेणू उलटं काम करतो. तिथे तो कोवळ्या तंतूंना पानांच्या पुढच्या अवस्थेकडे ढकलतो. तेव्हा क्रीम काढणाऱ्यांनी आधी आपण फुलझाड आहोत की शेवाळ, हे ठरवावं.