सावंतवाडी ते से कॅथेड्रल: चिऱ्याच्या वाटेने

2024 च्या डिसेंबरात, संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवलेले असताना, आम्ही सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, म्हापसा अशी तीन दिवसांची पायपीट करून जुन्या गोव्याला गेलो. शेवटच्या दिवशी पहाटे पणजी सोडून रायबंदरच्या पुलाला लागलो, तेव्हा डाव्या हाताला मांडवी होती आणि उजवीकडे मिठागरे. तोंडाने जपमाळ चालू होती, तरी माझे लक्ष वारंवार पायाखाली जात होते. 1634 मध्ये पुरा झालेला, सुमारे 3 किलोमीटर लांबीचा हा पूल जांभ्याचा, म्हणजे चिऱ्याच्याच दगडाचा आहे, आणि ज्याच्या वडिलांचा जन्म चिरे रचण्यात गेला, त्याला त्यावरून नुसते चालत जाणे जमत नाही.

कॅथेड्रल पूर्वाभिमुख आहे; पणजीकडून येणाऱ्याला वळसा घालून समोर यावे लागते. आम्ही पोहोचलो तेव्हा 115 फूट उंचीच्या पांढऱ्या दर्शनी भिंतीवर कोवळे ऊन आले होते. डावीकडे मनोरा आहे, उजवीकडे नाही. उजवीकडचा 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही.

पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, गोवा जिंकले, म्हणून हे मंदिर तिच्या नावाने आहे. 1562 मध्ये सुरू झालेले बांधकाम 1619 मध्ये संपले. 250 फूट लांब आणि 181 फूट रुंद अशी ही वास्तू आपल्याच तांबड्या चिऱ्यात उभी आहे. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, वाऱ्यावर घट्ट होतो. पण तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो, म्हणून त्याला चुन्याचा गिलावा हवाच. समोरच्या बॉम जेझूस बासिलिकेचा गिलावा 1950 च्या दशकात काढला गेला. तिचा लाल रंग लोकांना आवडतो, मला मात्र ती उघडी भिंत आणि कोकणातला पाऊस एकत्र आठवले की जीव तुटतो.

आत रांग संथ सरकत होती, त्यामुळे बाजूची कपेले, म्हणजे छोटी प्रार्थनास्थळे, निवांत पाहता आली. त्यांतल्या दोहोंच्या दाराशी लाकडी जाळ्या आहेत, इतक्या नाजूक कोरलेल्या की पलीकडच्या मेणबत्त्यांचा उजेड त्यांतून गाळून आल्यासारखा दिसतो. आमच्यातल्या एक वयस्क मावशी, पायांना फोड आलेले असूनही, तिथे बराच वेळ थांबल्या. मुख्य वेदीमागे संत कॅथरीनच्या आयुष्याचे आणि बलिदानाचे प्रसंग लाकडात उठावाने कोरून सोन्याने मढवलेले आहेत. दूरून ती एकसंध झळाळी वाटते, जवळ गेल्यावर माणसे वेगळी होतात.

अवशेषांपुढे क्षणभरच उभे राहता आले. बाहेर येऊन पायरीवर बसलो, तेव्हा उरलेल्या मनोऱ्यातली, कुंकळ्ळीत ओतलेली सोनेरी घंटा वाजू लागली आणि मावशींनी क्रूसाची खूण केली.