गरम जॉब लबाड बोलतो

माहितीपत्रकासाठी ‘आमची वाटचाल’ लिहून द्या म्हणून मुलगा महिनाभर मागं लागलाय. नमुना म्हणून त्यानं दुसऱ्या एका कारखान्याचं पत्रक आणलं. उघडलं तर पहिल्याच पानावर तात्यांचा फोटो, खाली ‘आमचे गुरुवर्य’. पत्रक माझ्या जुन्या भागीदाराचं. मग म्हटलं, आता लिहितोच.

1987 साली आयटीआयचा टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर, होऊन मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. पहिलीच नोकरी, त्यामुळं आपल्याला सगळं येतंय हा समज पक्का. तात्या तिथले हेड टर्नर. चार महिने त्यांनी मला लेथला हात लावू दिला नाही, ग्राइंडरवर उभं केलं. एचएसएसचा, म्हणजे कठीण पोलादाचा, अर्धा इंची कापायचा टूल घासायचा आणि नेऊन द्यायचा. तात्या धार अंगठ्याच्या नखावर टेकवायचे. नखात रुतली तर ठीक, घसरली तर टूल परत माझ्या हातात. बोलणं नाही.

बिडाचं कास्टिंग कसं कापायचं ते त्यांनी शिकवलं. पहिला कट कातड्याखालूनच घ्यायचा, कारण कातड्यात वाळू असते. वरवर खरवडत बसलं की टूलचं नाक गेलंच म्हणून समजा. आणि एक वाक्य ते रोज म्हणायचे, “गरम जॉबवर इस्वास ठिवू नगंस पोरा. गरम हाय तवर त्यो लबाड बोलतोय.” जॉब म्हणजे कापायला घेतलेला तुकडा. लेथच्या चकवरनं, म्हणजे पकडीवरनं, काढलेला जॉब गेजशेजारी, म्हणजे मापायच्या हत्याराशेजारी, पाटावर ठेवायचा, दोन्ही सारखे गार झाले की मगच माप. आम्ही मागं हसायचो. हसणाऱ्यांत हा भागीदारही होता, तोही तात्यांच्याच हाताखालचा.

1996 ला आम्ही दोघांनी जुना लेथ घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. पुढची बारा-तेरा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2009 ला मंदीनं सगळ्या उद्यमनगराची कामं आटली होती. तशात आम्हाला बेअरिंग हाउसिंगची, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या घराची, ऑर्डर मिळाली. बोअर, म्हणजे आतलं भोक, 80 मिलिमीटर, एच-सात, म्हणजे शून्य ते अधिक तीस मायक्रॉनची सूट (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). 640 नग गेले आणि 640 परत आले. गेजचं गो टोक, जे बोअरमध्ये जायलाच हवं, तेच आत जात नव्हतं. सेकंड शिफ्ट भागीदाराकडं होती. नग वाढावेत म्हणून तो चकवरच, गरम असतानाच बोअर डायल, म्हणजे भोक मापायचं गेज, लावत होता. 80 चा बोअर वीस अंशांनी तापला की सतरा-अठरा मायक्रॉन फुगतो. डायलवर अधिक दहा दिसायचं, गार झाल्यावर उणे सात-आठ भरायचं. मीही सकाळी तपासलं नाही, ती चूक माझ्याकडं.

पंधरा दिवसांत भागीदार वेगळा झाला. ऑर्डर देणाऱ्या कंपनीची ड्रॉइंगं घेऊन गेला आणि पुढची ऑर्डर दोन रुपये कमी लावून त्यानंच उचलली. जाताना तिथं सांगून गेला की रिजेक्शन माझ्यामुळं झालं. (भागीदारी तोंडी करू नका. सख्खा भाऊ असला तरी स्टॅम्पपेपर करा, आणि ड्रॉइंगं स्वतःच्या कपाटात ठेवा.)

तात्या तोवर रिटायर झालेले. मी घरी गेलो तर चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, “बोर कमी हाय का जास्त?” कमी, म्हटलं. “मग रडतोस कशाला? कमी हाय म्हंजे अजून कापता येतंय.” बोअर आरपार होता म्हणून जमलं. इंजिनं रिबोअर करणाऱ्या त्यांच्या एका ओळखीच्या दुकानात होनिंग मशीन, म्हणजे बोअर घासून किंचित वाढवणारं यंत्र, होतं. अकरा रात्री आम्ही तिथं काढल्या. तात्या स्टुलावर बसून एकेक नग गार व्हायची वाट बघायचे, घाई केली की माझ्या हातातून गेज काढून घ्यायचे. 622 नग पास झाले.

त्यानंतर 2019 चा महापूर आला, मग कोरोना. ते सगळ्यांनीच सोसलं.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. खंडेनवमीला तात्या दोघांच्याही पूजेला जायचे, आधी त्याच्याकडं आणि मग माझ्याकडं. एकदा विचारलंच, तर म्हणाले, “त्याचं दुकान वाटंवर हाय.” होतं खरं वाटेवर. तरी.

आजही सीएनसीवर, म्हणजे संगणकी मशीनवर, पोरगा बसवण्याआधी मी त्याला दोन महिने ग्राइंडरवर उभा करतो. निम्मी पोरं पळून जातात. जाऊ देत. तुम्हीही करून बघा.

तात्या गेले तेव्हा त्यांच्या मुलानं मला त्यांचा आउटसाईड कॅलिपर, म्हणजे बाहेरचं माप घ्यायचा चिमटा, दिला. फोटो भागीदाराकडं गेला. मुलगा विचारत होता, पहिल्या पानावर काय टाकायचं? मी ड्रॉवरमधून कॅलिपर काढून दिला. त्यानं उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, “बाबा, हा पार काळा पडलाय, छपाईत उठायचा नाही.”